तारामतीची भूमिका

गेल्या वर्षींच्या स्नेहसंमेलनांत जें नाटक झालें, त्यांतील राणीचें काम इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें केलें, हें प्रेक्षकांस आठवत असेल. काम बरें झालें. लुगडें पायांत अडकून तो एकदां पडतां पडतां वांचला, तेवढा प्रसंग सोडला तर भलत्या ठिकाणीं हंशा पिकला नाहीं. परंतु ती भूमिका मुळांत त्याची नव्हती. दीड महिना जिनें ती पाठ केली, जिचीं भाषणें ऐकून तालमींत गडबड करणारीं लहान मुलेंहि गप्प बसत, त्या मुलीस संमेलनाच्या आठ दिवस अगोदर घरच्यांनीं काढून घेतलें. चांगल्या घरच्या मुलींनीं तोंड रंगवून चारचौघांपुढें उभें राहूं नये, असें कारण सांगण्यांत आलें. तिचे वडील सज्जन गृहस्थ आहेत. आम्हांस त्यांच्याविषयीं आदर आहे, म्हणूनच हें लिहीत आहों.

"चांगल्या घरच्या" हे शब्द कानीं पडतांच आम्हांस दुर्गाबाई खोटे यांची आठवण झाली. आजच्या विद्यार्थ्यांस हें नांव फारसें परिचित नसेल; पण त्यांच्या आजी-आजोबांस विचारावें.

प्रथम थोडें मागें जावें लागेल. आमच्याच जिल्ह्यांत, त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट काढला. त्यांतील तारामतीच्या कामासाठीं त्यांना स्त्री मिळाली नाहीं. पुष्कळ शोध केला. पण समाजानें ज्यांना आधींच दूर लोटलें होतें, त्या स्त्रियाहि पुढें येईनात. शेवटीं एका उपाहारगृहांत नोकरी करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. नंतर 'मोहिनी भस्मासुर' या चित्रांत दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला या दोघींनीं भूमिका केल्या, आणि स्त्रीची भूमिका प्रथमच स्त्रीकडे आली. या मायलेकींचें नांव आज किती जण घेतात? पोटासाठीं नाटकमंडळींतून गांवोगांव हिंडणारीं तीं माणसें. त्यांना 'चांगल्या घरचीं' म्हणावयास कोणी तयार नव्हतें.

१९३२ सालीं कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीनें तीच हरिश्चंद्राची कथा पुन्हा घेतली. 'अयोध्येचा राजा' हा मराठींतील पहिला बोलपट. यांत तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. पार्श्वगायनाची सोय तेव्हां नव्हती. बोलावयाचें आणि गावयाचें तें नटीनें स्वतःच.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजीं मुंबईंत, लाड यांच्या सुखवस्तु घराण्यांत झाला. सेंट झेवियर्स कॉलेजांत शिकलेल्या, इंग्रजी उत्तम बोलणाऱ्या या मुलीचें लग्न खोट्यांच्या धनाढ्य कुटुंबांत झालें. पुढें तें वैभव ओसरलें, आणि ऐन तारुण्यांत वैधव्यहि आलें. पदरीं दोन मुलगे होते. त्या सिनेमांत आल्या त्या हौसेनें नव्हे, मिळवावें लागलें म्हणून. १९३१ सालीं 'फरेबी जाल' या चित्रांत त्यांनीं एक लहानसें काम केलें. चित्र अगदींच हलक्या प्रतीचें निघालें आणि लोकनिंदेचा सारा भार दुर्गाबाईंवर व त्यांच्या घरच्यांवर पडला. पुन्हा या वाटेस जाऊं नये असें वाटण्याजोगाच तो अनुभव होता. परंतु व्ही. शांताराम यांची दृष्टि त्यांच्याकडे गेली, आणि तारामतीचें काम चालून आलें.

येथें आमचा एक मतभेद नमूद करावयाचा आहे. दुर्गाबाईंविषयीं जें जें लिहिलें जातें, त्यांत बहुधा पहिलें वाक्य असें असतें कीं, कुलीन व सुशिक्षित स्त्रियांस सिनेमाचें दार त्यांनीं उघडून दिलें. गोष्ट खरी आहे. पण या स्तुतींत एक खोंच आहे: दार उघडें होण्यास कूळ लागलें, काम पुरें पडलें नाहीं! कामत मायलेकींनीं तें दार आधींच ढकललें होतें. आमच्या मतें दुर्गाबाईंचा मोठेपणा त्यांच्या माहेरच्या वा सासरच्या आडनांवांत नाहीं. लाड आणि खोटे यांच्या घरांत स्त्रिया पुष्कळ होत्या.

मोठेपणा आहे तो कामांत. त्या काळीं नटनट्या मासिक पगारावर एकाच कंपनीस बांधलेल्या असत. दुर्गाबाईंनीं तो रिवाज मानला नाहीं. प्रभातमध्यें काम केलें, तसें कलकत्त्यास जाऊन 'राजरानी मीरा' (१९३३) आणि 'सीता' (१९३४) या चित्रांतहि केलें. 'अमर ज्योति' (१९३६) मध्यें त्या समुद्रावरील चांच्यांची राणी झाल्या. ज्या राज्यांत आईला स्वतःच्या मुलावर हक्क नाहीं, त्या राज्याविरुद्ध शस्त्र उचलणारी ही सौदामिनी तारामतीच्या अगदीं उलट टोंकाची. 'पायाची दासी' (१९४१) मधील सासू पहावी. सुनेला छळणारी ही बाई त्यांनीं इतक्या निर्दयपणें उभी केली कीं, पडद्यावरील सात्त्विक तारामती ती हीच काय, असा संशय यावा. 'भरत मिलाप' (१९४२) मध्यें कैकेयी. लोकांस आपण आवडलोंच पाहिजे हा हट्ट नटास सोडतां आला पाहिजे. दुर्गाबाईंनीं तो वेळींच सोडला.

रंगभूमीवरील त्यांची एक भूमिका पिंपळगावकरांनीं विशेष लक्षांत ठेवावी. १९५४ सालीं मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चें मराठी रूप 'राजमुकुट' सादर झालें. त्यांत लेडी मॅकबेथच्या जागीं दुर्गाबाई होत्या, आणि नाटककार होते वि. वा. शिरवाडकर, म्हणजेच कवि कुसुमाग्रज, ज्यांचें प्राथमिक शिक्षण आमच्याच गांवीं झालें. शिरवाडकरांनीं स्वतः ऐन पंचविशींत नाशिकच्या गोदावरी सिनेटोनच्या 'सती सुलोचना'मध्यें लक्ष्मणाचें काम केलें होतें. चित्र चाललें नाहीं. पण तोंड रंगविल्यानें त्यांना कमीपणा आला, असें आजवर कोणी म्हटलेलें ऐकिवांत नाहीं. ते पुरुष होते, इतकेंच.

पुढील कारकीर्द सांगावयाची तर हा अंक पुरणार नाहीं. 'मुघल-ए-आझम' (१९६०) मधील जोधाबाई आणि 'बॉबी' (१९७३) मधील गोव्याकडील ख्रिस्ती आजी पुष्कळांनीं पाहिली असेल. लघुपट व जाहिरातपट काढणारी स्वतःची संस्था त्यांनीं चालविली. त्याच संस्थेनें १९८८ सालीं दूरदर्शनसाठीं 'वागळे की दुनिया' ही मालिका निर्माण केली. तेव्हां दुर्गाबाईंचें वय ८३ होतें. मूकपटाच्या शेवटच्या दिवसांत उभी राहिलेली ही बाई दूरचित्रवाणीच्या काळांतहि धंद्यांत होती. 'मी दुर्गा खोटे' हें आत्मचरित्र त्यांनीं मराठींत लिहिलें. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या फाळक्यांना तारामती मिळाली नव्हती, त्यांच्याच नांवाचा! २२ सप्टेंबर १९९१ रोजीं त्या निवर्तल्या.

आतां त्या सज्जन गृहस्थांकडे वळूं. सिनेमाचा धंदा सोंवळा आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. 'फरेबी जाल'चा अनुभव वर सांगितलाच आहे. मुलीस कोठें पाठवावयाचें, कोणाबरोबर, किती वाजेपर्यंत, हें विचारण्याचा बापास अधिकार आहे, आणि तो त्यानें बजावावा. परंतु याच गांवांत द्राक्षांच्या बागेंत व कांद्याच्या खळ्यावर लेकीसुना परक्या माणसांच्या देखत दिवसभर राबतात. त्यानें कोणाचें घराणें बुडत नाहीं. शाळेच्या दालनांत, शिक्षकांच्या समोर, राणीचीं चार भाषणें म्हटल्यानें मात्र तें बुडतें, हा हिशेब आम्हांस जुळवितां आला नाहीं. शिवाय त्या रात्रीं भूमिका रिकामी राहिली नाहीं. अण्णा साळुंके यांच्याप्रमाणें एक मुलगा लुगडें नेसून उभा राहिला. खरी राणी चौथ्या रांगेंत आईजवळ बसली होती, आणि तिचे ओंठ हलत होते, हें आम्हीं पाहिलें.

यंदाच्या नाटकाच्या तालमी दिवाळीच्या सुट्टीनंतर, रोज शाळा सुटल्यावर सुरू होतील. शिक्षिका शेवटपर्यंत हजर असतात. पालकांनीं कोणत्याहि दिवशीं, न कळवितां, येऊन बसावें. राणीचें काम अद्याप कोणास दिलेलें नाहीं.