जुनी नक्षी, नवे कपाट

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये एक निराळाच व्यवसाय भरभराटीस आला होता. जुन्या फर्निचरवरील नक्षीचे फलक सोडवून घ्यावयाचे, त्यांच्याभोवती नव्या मापाचे कपाट उभारावयाचे आणि ते हौशी धनिकांस विकावयाचे.

या फलकांचा मूळ कर्ता बहुधा आंद्रे-शार्ल बुल (1642–1732) किंवा त्याच्या परंपरेतील कारागीर असे. चौदाव्या लुईच्या आश्रयाने काम करणाऱ्या बुलने पितळ आणि कासवाचे कवच यांच्या जडावकामास कळस चढविला. दोहोंचे पातळ पत्रे एकावर एक ठेवून बारीक करवतीने एकदमच कापीत. त्यामुळे एका कापणीत दोन जोड मिळत : एकात कवचावर पितळेची वेल, दुसऱ्यात पितळेवर कवचाची. इतक्या श्रमाची नक्षी, कपाटाची घडण जुनी झाली म्हणून, कोण टाकून देईल?

एत्येन लव्हासर (1721–1798) हा या कामातील नामांकित कारागीर. तो बुलच्या फर्निचरची दुरुस्ती करी, त्या धर्तीवर नवे घडवी आणि जुने फलक नव्या सांगाड्यातही बसवी. त्या काळी पॅरिसमधील उस्ताद सुतारास आपल्या नावाचा ठसा मारावा लागे. दुरुस्त केलेल्या वस्तूवरही दुरुस्ती करणाऱ्याचा ठसा आढळतो. म्हणजे ठसा खरा असूनही वस्तूचा पूर्ण इतिहास तो सांगत नाही.

सराफी पेढ्यांना हे नवे नाही. आजीचे पदक नव्या हारात ओवले, तर पदक खोटे ठरत नाही. पण संपूर्ण हार आजीच्या काळचा म्हणून विकणे हा व्यवहार नव्हे. पावतीवर पदक जुने आणि हार नवा असे लिहिले, की दोहोंचेही मोल राखले जाते.

जुनी वस्तू घेताना म्हणूनच तिची पाठ, तळ आणि खणांची आतील बाजू आधी पाहावी. फलकाच्या कडेशी वेल मध्येच तुटली आहे काय? निरुपयोगी स्क्रूची भोके, बिजागरीच्या बुजविलेल्या खाचा दिसतात काय? हाताने कापलेले जुने पत्रे जाड व किंचित असमान असतात. यंत्राचे पातळ आणि एकसारखे. कासवाच्या कवचाबाबत तर आधी कायदेशीर सल्ला घ्यावा. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 त्यास लागू होतो, आणि त्यामागील जीवहत्येचा विचार आपल्या घरांना वेगळा सांगावयास नको.

पुनर्रचना हा दोष नव्हे. चांगल्या हातांनी केलेल्या अशा पुनर्रचनेमुळेच कित्येक सुंदर फलक मोडीत जाण्यापासून वाचले. दोष असतो तो लपवाछपवीत. वस्तू विकताना किंवा वाटणीत देताना तिच्यात काय जुने, काय नवे आणि बदल केव्हा झाला, हे कागदावर लिहून ठेवावे. पुढच्या पिढीस वस्तूइतकाच हा कागदही मोलाचा वाटेल.