मेसईदचे ऊन : झाडाला आणि माणसाला

कतारची राजधानी दोहा. तिच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर समुद्रकाठी मेसईद हे औद्योगिक नगर वसले आहे. खत, पोलाद आणि तेलशुद्धीकरण यांचे कारखाने तेथे आहेत. भारत, नेपाळ, बांगलादेश येथून आलेले कामगार तेथे राबतात. या वाळवंटाशी मॉरिशसच्या मराठी माणसाचा संबंध काय, असे कोणी विचारील. आमचे पूर्वजही करारावर अंगठा उठवून परक्या उन्हात कामाला आले होते. एवढा संबंध आम्हाला पुरे वाटतो.

उन्हाची गोष्ट झाडापासून सुरू केली तर लवकर समजते. परसातले पोमदामूर घ्या. ऊन फार झाले की त्याच्या पानांच्या कडा वर वळतात, भर दुपारी शेंडे माना टाकतात, फुले गळतात. दिवसाची उष्णता ३५ अंशांवर राहिली आणि रात्रही गरम गेली, तर परागकण निकामी होतात व फळ धरत नाही. झाड पानांतून पाण्याची वाफ सोडून स्वतःला थंड ठेवते. मुळाला पाणी पुरले नाही की पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटतात आणि पान तापू लागते. म्हणून जाणता माळी पहाटे पाणी देतो, बुंध्याशी उसाचे पाचट पसरतो, वर जाळी बांधतो आणि भर उन्हात खत घालत नाही.

२०१७ च्या जूनमध्ये शेजारी देशांनी कतारची नाकेबंदी केल्यावर त्या देशाने घरची भाजी वाढवण्याचा चंग बांधला. वाळवंटातील हरितगृहांत एका बाजूस ओले पडदे आणि दुसऱ्या बाजूस पंखे बसवतात. हवा ओल्या पडद्यातून आत येते व गार होते. पण ही युक्ती कोरड्या हवेतच चांगली चालते. ऑगस्ट-सप्टेंबरात समुद्रावरून दमट हवा आली की पाणी वाफ व्हायला नाखूष असते आणि पडदा नावापुरता उरतो.

माणसाचा घाम म्हणजे तोच ओला पडदा. हवा दमट असली की घाम अंगावरून निथळतो, पण अंग थंड करीत नाही. म्हणून नुसता तापमापक पाहून मेसईदच्या कामगाराची अवस्था कळत नाही. जाणकार उघड्यावर जो निर्देशांक वापरतात, त्यात ओल्या कापडाच्या तापमापकाला सत्तर टक्के वजन आहे, उन्हातल्या काळ्या गोळ्याला वीस टक्के आणि साध्या हवेला फक्त दहा टक्के.

कतारमध्ये २००७ च्या नियमानुसार १५ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी साडेअकरा ते दुपारी तीन उघड्यावरचे काम बंद असे. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने तेथील कामगारांवर होणाऱ्या उन्हाच्या परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच वर्षी आणखी एक संशोधन पुढे आले. २००९ ते २०१७ मधील नेपाळी कामगारांचे हृदयविकाराचे मृत्यू आणि उष्णता यांचा संबंध त्यात दिसला. तरण्याताठ्या माणसाच्या दाखल्यावर ‘हृदय बंद पडले’ एवढेच लिहिणे म्हणजे सुकलेल्या रोपावर ‘रोप सुकले’ अशी पाटी लावणे होय.

२०२१ मध्ये नियम बदलला. आता बंदी १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन अशी आहे. शिवाय वरील निर्देशांक ३२.१ अंशांपुढे गेला, तर घड्याळात काहीही वाजले असो, काम थांबलेच पाहिजे. कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणीही आवश्यक केली आहे. घड्याळापेक्षा हवेचे मोजमाप पाहणारा हा भाग आम्हाला जास्त मोलाचा वाटतो, कारण मेसईदच्या दमट रात्रीला साडेतीनची वेळ ठाऊक नसते.

ज्यांची मुले वा भाचे-पुतणे आखातात आहेत, त्यांनी त्यांना लक्षणे सांगून ठेवावीत. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायात गोळे आले की सावलीत बसावे, पाणी व थोडे मीठ घ्यावे. जोडीदार असंबद्ध बोलू लागला आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजावा. कपडे सैल करून अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी.

मोजण्याचे यंत्र प्रत्येक कामाच्या जागी आहे काय, त्याचा आकडा कामगाराला दिसतो काय, आणि थांबलेल्या तासांचा पगार मिळतो काय, हे तीन प्रश्न मात्र मुलाला पत्रातून किंवा फोनवर जरूर विचारावेत.