गुंतवणूक वाढली, पण कोणाची?

नवी दिल्ली : राष्ट्रीय उत्पन्नाचे तिमाही आकडे जाहीर झाले की विकासदराचा मथळा होतो आणि ‘सकल स्थिर भांडवल निर्मिती’ हा रकाना मागे राहतो. देशात त्या काळात घरे, कारखाने, रस्ते, यंत्रे आणि सॉफ्टवेअर यांवर किती खर्च झाला, याचे मोजमाप तेथे असते. उद्याची उत्पादनक्षमता याच खर्चातून उभी राहते. २०११-१२ या आधारवर्षाच्या मालिकेनुसार तेव्हा हे प्रमाण सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ३४ टक्के होते. कोविडच्या वर्षात ते २७ टक्क्यांच्या आसपास उतरले आणि पुढे ३० टक्क्यांच्या घरात सावरले.

व्यवहारात ज्याला गुंतवणूक म्हणतात, त्यातील बरेच काही या रकान्यात बसत नाही. शेअर किंवा मोकळा भूखंड विकत घेतल्याने केवळ मालकी बदलते. नवे काही उभे राहत नाही. सोनेखरेदीची नोंद ‘मौल्यवान वस्तू’ म्हणून वेगळी होते. शेतकऱ्याने खोदलेली विहीर किंवा घेतलेला नवा ट्रॅक्टर मात्र मोजला जातो.

परकीय गुंतवणुकीबाबतही अशीच गल्लत होते. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ८१ अब्ज डॉलरची थेट परकीय गुंतवणूक आली. मात्र परकीय कंपन्यांनी परत नेलेला पैसा आणि भारतीय कंपन्यांनी परदेशात गुंतवलेली रक्कम वजा केल्यावर निव्वळ आवक जेमतेम एक अब्ज डॉलर किंवा त्याहूनही कमी उरली. दोन्ही आकडे खरे आहेत. मथळ्यात बहुधा पहिलाच येतो. शिवाय आलेल्या पैशातून चालू कंपनीची मालकी घेतली गेली असेल, तर भांडवल निर्मितीत त्याने थेट भर पडत नाही.

सामंजस्य करार तर याहून दूरची गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये दाव्होस येथे एकट्या महाराष्ट्राने १५ लाख कोटी रुपयांहून अधिक रकमेचे करार जाहीर केले. त्यानंतर एप्रिलमध्ये केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने खासगी कंपन्यांच्या भांडवली खर्चाविषयीचे पहिले सर्वेक्षण प्रसिद्ध केले. त्यातील कंपन्यांचा २०२५-२६ मधील नियोजित खर्च होता सुमारे ४.८९ लाख कोटी. आधीच्या वर्षासाठी तोच ६.५६ लाख कोटी होता. करारांची रक्कम अनेक वर्षांत विभागलेली असते आणि सर्वेक्षण निवडक कंपन्यांचे होते. कंपन्यांनी सावधपणे उत्तरे दिल्याचेही मंत्रालयाने स्पष्ट केले. त्यामुळे या रकमांची सरळ तुलना होत नाही. तरीही कंपन्यांचा हात आखडता असल्याची शंका या घटीमुळे बळावली.

धोरणाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा हाच आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कराचा मूळ दर, सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी, २२ टक्क्यांवर आणला गेला. केंद्राचा स्वतःचा भांडवली खर्च २०२०-२१ मधील ४.२६ लाख कोटींवरून २०२४-२५ च्या सुधारित अंदाजात १०.१८ लाख कोटींवर गेला. सरकारने रस्ते-रेल्वे उभारली की उद्योग मागोमाग येतील, असे हे गणित. ते सुटले की नाही, हे तिमाही आकड्यातून कळत नाही. तो प्रामुख्याने बांधकाम साहित्य आणि यंत्रसामग्रीच्या हालचालींवरून अंदाजला जातो. सिमेंट सरकारी पुलाला लागले, कारखान्याला की एखाद्या कुटुंबाच्या घराला, हे त्यात दिसत नाही.

सरकार, कंपन्या आणि कुटुंबे अशी विभागणी वार्षिक सुधारित अंदाजांत मिळते, तीही बऱ्याच उशिरा. १ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात भांडवली खर्चासाठी ११.२१ लाख कोटींची तरतूद झाली. २०२३-२४ चे पहिले सुधारित अंदाज त्यानंतर चार आठवड्यांनी, २८ फेब्रुवारीला प्रसिद्ध झाले.