निवडुंगावरचा आळ

कवितेवरच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य दरवर्षी इतक्या वेळा समोर येते, की ते आता वाचावे लागत नाही. नजर त्याच्यावरून घसरते. निवडुंग हे शुष्क, वांझ, वैराण जीवनाचे प्रतीक होय. कवी कोणताही असो, कविता कोणत्याही दशकातली असो, ओळीत निवडुंग आला रे आला की हे वाक्य ठरलेले. दोष विद्यार्थ्यांचा नाही. वडाळ्यात वाढलेल्या मुलाने निवडुंग पाहिला तर सोसायटीच्या कुंडीत पाहणार. त्याने हे वाक्य गाइडमध्ये वाचलेले असते, गाइडकर्त्याने समीक्षेत वाचलेले असते आणि समीक्षकाने निवडुंगाकडे कधी धड पाहिलेले नसते.

पहिला प्रश्न असा, की निवडुंग म्हणजे कोणता? मराठीने हा एक शब्द दोन परक्या कुळांना वाटून दिला आहे. फड्या निवडुंग हा कॅक्टस. त्याची मायभूमी अमेरिका. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासेत त्याच्यावर किरमिजी रंगाचे किडे पोसण्याचा उद्योग आरंभला होता. पुढे हा पाहुणा माळरानांवर असा माजला, की 1926 मध्ये श्रीलंकेहून त्या किड्यांची दुसरी एक जात आणून त्याला आवरावे लागले. त्रिधारी निवडुंग आणि वई निवडुंग यांचे घराणे मात्र एरंडाचे. वनस्पतिशास्त्रात ते 'युफोर्बिया'. संस्कृत वैद्यकातली 'स्नुही' ती याच गोतावळ्यातली. चरकसंहितेच्या कल्पस्थानात 'सुधा' या नावाने तिच्या तीव्र रेचक चिकावर स्वतंत्र अध्यायच आहे. खूण सोपी आहे. फांदी मोडताच पांढरा चीक भळभळला तर युफोर्बिया. फड्याला असा दुधी चीक नसतो. दोघे सारखे दिसतात, कारण दुष्काळाच्या एकाच प्रश्नाचे उत्तर दोन खंडांत दोघांनी स्वतंत्रपणे शोधले. प्रतिमेची चर्चा करणाऱ्याला हा भेद ठाऊक नसावा?

आता 'वांझ' या विशेषणाकडे वळू. वई निवडुंगाला पावसाळ्यात मांसल पाने फुटतात. पाणी आटू लागले की तो ती गाळतो आणि पानांचे काम हिरव्या खोडावर सोपवतो. दिवसा तो आपली पर्णरंध्रे मिटून घेतो. रात्रीच्या गारव्यात ती उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्याचे अन्न करतो. डोळ्यात गेला तर इजा करणारा त्याचा चीक आणि जोडीजोडीने येणारे काटे यांमुळे शेळ्या त्याच्या वाटेला जात नाहीत. त्यामुळे चराईने बोडक्या झालेल्या उतारावरही त्याच्या जाळीत गवताला, वेलींना आणि झाडांच्या रोपांना आसरा मिळतो. सरडे तिथे लपतात, पाखरे घरटी करतात. त्याच्या चिमुकल्या फुलोऱ्यातल्या मधासाठी मुंग्या-माश्या येतात. खडकाच्या भेगांतली मूठभर माती तो धरून ठेवतो. ज्याच्या आडोशाने इतरांचे संसार उभे राहतात, तो वांझ कसा? शेतकऱ्याने त्याला नाव दिले ते 'वई', म्हणजे कुंपण. भाषेला त्याचे काम माहीत होते. विसरलो ते आपण.

यावर एक हुकमी आक्षेप येईल : चातक-चकोराला कोणी पक्षिशास्त्र विचारत नाही, मग निवडुंगालाच वनस्पतिशास्त्र का विचारावे? हा कविसमयाचा दाखला देणाऱ्यांनी राजशेखराची 'काव्यमीमांसा' पुन्हा उघडावी. कविसमय त्याला मान्य आहेत ते पूर्वसूरींनी देशांतरे करून, पाहून ते बांधले, या गृहीतावर. देशकाल बदलला तरी मुळाशी कोणाचे तरी पाहणे होते, असा त्याचा युक्तिवाद आहे. आपल्या निवडुंगामागे ते पाहणे कोणाचे? उलट बाजूला, वडाळा-माटुंग्यात ज्यांचा शेजार आपल्याला पिढ्यानपिढ्या लाभला त्या तमिळांच्या 'कुरुंतोगै'त एक कविता आहे. प्रियकर युफोर्बियाच्या (तमिळ 'कळ्ळि') रानातून दूरदेशी गेला आहे. त्या रानात पाल आपल्या जोडीदाराला साद घालते. ती ऐकून त्याला आपली आठवण होणार नाही का, असे मागे राहिलेली विचारते. प्रदेश रखरखीत, प्रसंग विरहाचा. तरी निवडुंगात जीव आहे आणि त्या जिवाला आवाजही आहे. रूक्षतेचे काव्य लिहिण्यासाठी वनस्पतीला खोटे पाडावे लागत नाही.

हा केवळ प्रतिमाशुद्धीचा हट्ट नव्हे. 'ओसाड', 'पडीक', 'वैराण' ही विशेषणे कवितेतून निघून सरकारी दप्तरात जाऊन बसतात, की दप्तरातून कवितेत येतात, हे सांगणे कठीण. पण दोन्हीकडे काम ती एकच करतात. देशाच्या पडीक भूमीच्या सरकारी नकाशासंग्रहात झुडपी आणि क्षारयुक्त जमिनींची गणना होते. पूर्व विदर्भातली 'झुडपी जंगले' वनजमीनच आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाला 22 मे 2025 रोजी सांगावे लागले. तोवर त्या एका विशेषणाने कित्येक दशके वाद पोसला. वडाळ्यातल्या ज्या मिठागरांवर 1930 च्या मे-जूनमध्ये हजारो सत्याग्रही चालून गेले, तशा खारजमिनींना 'रिकामी जागा' म्हणताना आज कोणाची जीभ अडखळत नाही. एखाद्या भूभागात काहीच नाही असे आधी भाषेत ठरते. बुलडोझर मागाहून येतो. आणि ही भाषा घडवण्यात साहित्याच्या वर्गाचाही वाटा आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. 'निवडुंग कशाचे प्रतीक आहे?' हा प्रश्न काही वर्षे प्रश्नपत्रिकेतून काढून टाकावा. त्याऐवजी विचारावे : 'या कवीने पाहिलेला निवडुंग कोणता, आणि त्याने तो खरोखर पाहिला आहे काय?' उत्तर लिहिण्यापूर्वी मुलांना एखाद्या किल्ल्याच्या उतारावर जावे लागेल. जाऊ द्यावे. आपणही सोबत जावे.