तो काही करत नाही हो!

कुत्रा पाळणाऱ्या माणसांचं एक ठरलेलं वाक्य आहे. लिफ्टचं दार उघडतं, आतून तीस किलोचा लॅब्रॅडोर उसळी मारून बाहेर येतो, समोरच्या काकू भाजीची पिशवी छातीशी धरून भिंतीला चिकटतात, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला ओढला जाणारा मालक हसत हसत म्हणतो, "घाबरू नका, तो काही करत नाही हो!"

मी स्वतः कुत्रेवाली आहे हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून काही मंडळी मला प्राणिद्वेष्टी ठरवतील. आमचा गुंड्या गावठी आहे, नऊ वर्षांचा आहे आणि नाव सोडलं तर त्याच्यात गुंडगिरीचा लवलेश नाही. दिवाळीचे चार दिवस तो पलंगाखाली काढतो. तर अशा कुत्र्याची मालकीण असूनही हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. कुत्र्याला चिकन-भात घालणं, कुरवाळणं, त्याचा वाढदिवस करणं हे सगळेच हौसेने करतात, त्यात कष्ट काही नाहीत. आपण कुत्रा नीट पाळतोय की नाही याची परीक्षा, ज्यांना कुत्री आवडत नाहीत त्यांच्याशी आपण कसं वागतो तिथे होते असं माझं मत आहे. आणि तिथे आपल्यातले बरेच जण काठावर पास होतात.

दुसऱ्याच्या भीतीला आपण फार सहज हसतो. माझी आत्या कुत्र्यांना प्रचंड घाबरते. लहानपणी कोकणात तिला कुत्रा चावला आणि तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. रोज एक. आजच्या मुलांना ही दंतकथा वाटते, पण ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवत असत, दुखायची भयंकर, आणि क्वचित तिचेच गंभीर दुष्परिणाम व्हायचे. आपल्याकडे ती पूर्ण बंद झाली २००४-०५ च्या सुमारास, म्हणजे तशी अगदी काल-परवापर्यंत होती. आता दंडावर चार-पाच इंजेक्शनांत काम भागतं. पण साठी ओलांडलेल्या माणसाला कुत्रा दिसला की त्या चौदा सुया आठवतात. स्वतःला नसेल चावला, पण शेजारच्या कोणाला तरी चावलेला असतोच. त्या माणसाला 'काही करत नाही' असं सांगून काय उपयोग?

शिवाय 'काही करत नाही' याचा अर्थ आजवर काही केलं नाही एवढाच. शेपूट हलतेय म्हणजे कुत्रा खूश आहे, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. सैल, अख्ख्या ढुंगणासकट हलणारी शेपटी वेगळी आणि ताठ उभी राहून टोकाशी थरथरणारी वेगळी. कुत्रा तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभया देतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघतो. ही त्याची 'पुरे आता' म्हणायची भाषा. ती न कळून पोरं त्याच्या गळ्यात पडतात, मोठी माणसं कौतुकाने फोटो काढतात, आणि मग तो गुरगुरला की सगळ्यांना धक्का बसतो. (गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नका बरं का. गुरगुरणं ही सूचना असते. मार देऊन ती बंद पाडली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता थेट चावू शकतो.) आणि काही करायला चावावंच लागतं असंही नाही. सत्तरीच्या आजींच्या अंगावर तीस किलोचं प्रेम झेपावलं की खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं.

मग करायचं काय? फार काही नाही. जिन्यात आणि लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरायचा, कुत्रा भिंतीच्या बाजूला आणि आपण मध्ये. लिफ्टमध्ये आधीच कोणी असेल तर "आम्ही येऊ का?" विचारायचं, आणि समोरच्याने क्षणभर जरी विचार केला तरी "तुम्ही व्हा पुढे" म्हणून थांबायचं. तीस सेकंदांचा प्रश्न असतो. ते बटण दाबलं की लांब लांब जाणारे पट्टे मोकळ्या मैदानावर ठीक, पार्किंगमध्ये मात्र तुम्ही फोनवर बोलत असता आणि कुत्रा पाच मीटर पुढे कोणाच्या तरी पायात असतो. लहान मुलांना सांगायचं, आधी विचार, मग बाजूने ये, हात वास घ्यायला दे, डोक्यावर थापट्या मारू नकोस. आणि ज्याला नकोच आहे त्याच्या मुलाला "अरे हात लाव, बघ कसा गोड आहे" हा आग्रह करायचा नाही. श्रीखंडाचा आग्रह वेगळा आणि हा वेगळा.

इथे काही जण हमखास २०१५ सालचं परिपत्रक काढतात. प्राणी कल्याण मंडळाचं ते परिपत्रक मलाही माहीत आहे. सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. बरोबरच आहे. पण भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सुद्धा आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कायदा दोन्ही खिशात ठेवला तरी शेजारी रोज भेटायचेच असतात.

आता शी. विषय घाण आहे पण टाळून चालणार नाही, कारण सोसायटीच्या निम्म्या भांडणांचं मूळ तिथे आहे. "मातीत खत होतं हो त्याचं" असं म्हणणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. अहो, ते शेण नाही! गाय गवत खाते, आपला कुत्रा चिकन खातो. त्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत जातात आणि महिनोन् महिने तिथे टिकतात, आणि त्याच मातीत संध्याकाळी पोरं किल्ले करतात. तेव्हा कागद किंवा पिशवी घेऊनच खाली उतरायचं, उचलायचं, कचऱ्यात टाकायचं. आणि कुत्र्याला जंताचं औषध वेळेवर द्यायचं. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी, पिल्लांना त्याहून बरंच लवकर लवकर, डॉक्टर सांगतील तसं.

रेबीजची लसही तशीच. "आमचा घराबाहेर जातच नाही" ही सबब मी ऐकली आहे, आणि ती सांगणारा माणूस तेव्हा कुत्र्याला घेऊन रस्त्यावर उभा होता :-) पहिली लस तीन महिन्यांच्या सुमारास, मग बूस्टर, मग डॉक्टर सांगतील त्या अंतराने, आणि नोंद असलेलं पुस्तक घरात हाताशी. महापालिकेचा परवाना असतो तोही काढायचा. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर आजही इलाज नाही, माणूस असो की कुत्रा. आणि कोणाला दात लागलाच, अगदी आपल्या लाडक्याचा खेळताना लागला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. हळद, चुना, तिखट यातलं काहीही त्यात भरायचं नाही. समोरच्याने "दाखवा पुस्तक" म्हटलं तर राग मानायचा नाही. त्याचा हक्क आहे तो.

भुंकण्याचं काय? कुत्रा भुंकणारच. पण सकाळी नऊ ते रात्री आठ एकट्याने बंद फ्लॅटमध्ये असलेला कुत्रा जो भुंकतो, ते रडणं असतं. त्याला दोन वेळा नीट फिरायला हवं, आणि फिरायला म्हणजे मालकाच्या वेगाने ओढत नेणं नव्हे. कुत्र्याचा पेपर खांबांवर छापलेला असतो, तो त्याला वाचू द्यायचा. उन्हाळ्यात हे सगळं सकाळी लवकर आणि रात्री. एप्रिलमध्ये दुपारी डांबरावर आपला तळहात उलटा करून पाच-सात सेकंद ठेवून बघा, ठेववला नाही तर त्याचे पायही भाजणार. जात निवडतानाही हाच विचार हवा. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागे मागे फिरला आणि घरोघरी पग आले. त्या चपट्या नाकाने श्वास घेणं मुळातच अवघड, त्यात आपला उकाडा. हल्ली हस्की दिसतात. सैबेरियात बर्फावर गाडी ओढायला घडवलेलं जनावर पुण्यात मे महिन्यात दोन खोल्यांत! यावर जास्त लिहिलं तर माझा रक्तदाब वाढेल. असो.

हे सगळं शेजाऱ्यांच्या भल्यासाठी सांगतेय असं वाटेल, तर तसं नाही. आपण बेजबाबदार वागलो तर आपल्याला फार तर चार शिव्या पडतात. किंमत कुत्रा मोजतो. आमच्याच बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर एक बीगल होता. दोघं नवराबायको नोकरीला, तो दिवसभर एकटा, दिवसभर विव्हळायचा. संध्याकाळी सोडला की पिसाटल्यासारखा जिना उतरायचा. आधी तक्रारी, मग नोटीस, मग मीटिंगमध्ये आवाज चढले, आणि एक दिवस तो दिसेनासा झाला. विचारलं तर म्हणाले, "ओळखीच्यांच्या फार्महाऊसवर दिलाय, मजेत आहे." कोणाच्या, कुठे, ते काही कळलं नाही. हे फार्महाऊस फार मोठं असलं पाहिजे, कारण कितीतरी जणांची कुत्री तिथेच मजेत असतात. टेकडीच्या पायथ्याशी मात्र अधूनमधून गळ्यावर पट्ट्याचा वण असलेला, हडकलेला, प्रत्येक गाडीमागे धावून आत बघणारा एखादा कुत्रा दिसतो. रस्त्यावरची कुत्री त्याला आपल्यात घेत नाहीत, आणि कचऱ्यातलं शोधून खाणं त्याला कधी शिकावं लागलेलं नसतं. जनावर असं सोडून देणं गुन्हा आहे, आणि १९६० च्या मूळ कायद्यात पहिल्या वेळी त्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये.

तो बीगल सकाळी तासभर फिरला असता आणि त्याच्या मालकांनी जिन्यात चार वेळा "तुम्ही व्हा पुढे" म्हटलं असतं, तर तो अजून पाचव्या मजल्यावर असता असं मला खरंच वाटतं. ज्याचा मालक रोज शी उचलतो, पट्टा आखूड धरतो, त्याच्या कुत्र्याचं एखाद्या रात्रीचं भुंकणं लोक सोडून देतात.

हे सगळं आत्ताच आठवायचं कारण म्हणजे आमची भाची. दहावी झाली, आता पिल्लू हवंय. तिचे आईबाबा म्हणाले, मावशीला विचार. तिने विचारलं. मी तिला गुंड्याचा जुना पट्टा दिला आणि सांगितलं, महिनाभर रोज सकाळी सहाला आणि रात्री नऊला हा रिकामा पट्टा हातात घेऊन अर्धा तास खाली फिरून ये. पाऊस असला तरी, क्लास असला तरी, पाहुणे असले तरी. एक दिवस चुकला की पुन्हा एकपासून मोजायचं. सोसायटीतले लोक विचारतात, "अगं, कुत्रा कुठाय?" ती सगळ्यांना नीट समजावून सांगते म्हणे. आज तिचा अकरावा दिवस आहे. मध्ये एकदा चौथ्या दिवसावरून पुन्हा एकवर आली होती.