चढाला उतरावं, धुक्यात थांबावं

पुसदच्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय शेहेचाळीस. शाळेत असताना सायकल चालवीत, लग्नानंतर सुटली ती सुटलीच. दोन वर्षांपूर्वी लेकीने गिअरची सायकल घेऊन दिली आणि आता रोज सकाळी बारा-पंधरा किलोमीटर होतात. लेक पुण्यात नोकरीला. ती म्हणते, "आई, जानेवारीत गुहागर ते गणपतीपुळे एक दिवस सायकलने जाऊ." मैत्रिणीचे प्रश्न दोन आहेत. चढउताराचा रस्ता आणि सकाळचं धुकं मला झेपेल का? आणि घरी काय सांगू? 'गणपतीपुळ्याला दर्शनाला जाते' असं म्हटलं तर सासूबाई काही बोलणार नाहीत.

आधी पहिला प्रश्न.

आपलं यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंचावर. मग समुद्रकाठी कसला आलाय चढ, असं वाटेल. पण बाई, उंची मोजायची नसते, आपण किती वेळा उतरून पुन्हा चढतो ते मोजायचं असतं. कोकणात वर जांभ्या दगडाचा सपाट सडा आणि खाली खाडीकाठी किंवा समुद्राकाठी गाव. गाव आलं की उतार, गाव सुटलं की खडी चढण. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ असं दिवसभर हेच चालतं. तवसाळला शास्त्री नदीची खाडी आडवी येते. ती बोटीने ओलांडायची. माणसं, मोटारी, सायकली सगळं त्या बोटीवर चढतं. तिकडे तिला जंगलजेटी म्हणतात, जंगलाशी मात्र तिचा काही संबंध नाही. पलीकडे जयगड, मग केशवसुतांचं मालगुंड आणि लगेच गणपतीपुळे. एकूण साठ-पासष्ट किलोमीटर. सपाटीवर हे अंतर अर्ध्या दिवसाचं, इथे पुरा दिवस हाताशी ठेवा.

लेकीने दिशा नेमकी निवडली आहे. जानेवारीत दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. दक्षिणेकडे जाताना तो पाठीशी राहतो. उलट निघालात तर थकलेल्या वेळी तोच तोंडावर येईल.

तयारीला दोन महिने द्या. पुसदच्या भोवती डोंगर आहेतच. आठवड्यातून दोन दिवस चढाचा रस्ता धरा, पण फटफटीत उजाडल्यावरच. रविवारी अंतर थोडं थोडं वाढवत चाळीसपर्यंत न्या. चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करायचा. पायात गोळे आल्यावर बदलून उपयोग नाही. आणि दम लागला तर खुशाल उतरून चालत जा. दहा मिनिटं सायकल ढकलली म्हणून कुणाची अब्रू जात नाही. गुडघे दुखावले तर मात्र पुढे महिनाभर जिन्याचीही चोरी.

आता धुकं. हिवाळ्यात रात्री आभाळ निरभ्र असतं, वारा पडलेला असतो. जमीन निवते, थंड हवा दरीत उतरते आणि खाडीवरच्या ओलाव्याचं दाट धुकं होतं. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे आणि करपा येईल म्हणून बागायतदार या दिवसांत धास्तावलेले असतात. सायकलवालीने धास्तावण्याचं कारण वेगळं: मागून येणाऱ्या गाडीला ती दिसत नाही. उन्हं वर आली की धुकं विरतं, बहुधा नऊच्या आत. तेव्हा पहाटे निघण्याचा हट्ट नको. घावणे-चहा करून, रस्ता नीट दिसू लागला की निघा. वाटेत धुकं दाटलं तर रस्त्याच्या कडेला उभं राहू नका. एखाद्या अंगणात, देवळात थांबा. पांढरा, राखाडी कपडा धुक्यात मिसळून जातो. पिवळा किंवा नारिंगी घाला. मागे लाल दिवा, डोक्यावर हेल्मेट. ओढणी घरीच ठेवा, ती साखळीत अडकते.

उतार हा चढापेक्षा धोक्याचा, कारण तिथे बरं वाटतं. धुक्याने रस्ता ओला असतो. दोन्ही ब्रेक हलक्या हाताने दाबत, सोडत उतरा. पुढचा एकदम आवळू नका. निघण्याआधी ब्रेकचे रबर झिजलेले नाहीत ना, हे दुकानात दाखवून घ्या. सीटची उंची अशी हवी की पेडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील.

खाण्याचं सोपं आहे. तिळाच्या वड्या, गूळ-शेंगदाणे, दोन दशम्या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि लिंबू. तहान लागण्याआधी घोट घोट घ्यायचं. दुपारच्या जेवणाचं हेदवीला आदल्या दिवशीच फोन करून सांगून ठेवा. कोकणात घरगुती जेवण आयत्या वेळी मिळेलच असं नाही. जेवणानंतर तासभर सावलीत पडा. बोटीची वेळही आधी विचारून घ्या.

आता दुसरा प्रश्न, आणि खरा अवघड तोच.

दर्शन होईलच, संध्याकाळी तुम्ही देवळाच्या दारातच पोचणार आहात. पण त्याच्या आड लपू नका. एक तर घरच्यांना तुमचा खरा रस्ता माहीत असायला हवा. उद्या उशीर झाला, पंक्चर झालं तर ते शोधणार कुठे? आणि दुसरं, यंदा गणपतीचं नाव पुढे केलंत तर पुढच्या वर्षी दुसरा देव शोधावा लागेल. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेत बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. लोकांनी टिंगल केली, टोमणे मारले. तरी हजारो जणी भर रस्त्याने सायकलवर फिरू लागल्या. लपून शिकल्या असत्या तर ती वाट मागच्या मुलींसाठी मोकळी झाली नसती.

तेव्हा सासूबाईंजवळ बसून सरळ सांगा, "मी सायकल चालवायला जातेय, चार-पाच दिवसांनी येईन." त्यांची औषधं दिवसवार डबीत भरून ठेवा, ज्वारी दळून आणा. बाकीचं घरच्यांवर सोपवा. कुकर लावायला कुणालाही एका संध्याकाळी शिकता येतं. पहिल्या दिवशी थोडा अबोला होईल, तो सोसावा.

परतल्यावर एक काम विसरू नका. खाऱ्या हवेने लोखंड लवकर गंजतं. सायकल गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून, वाळवून साखळीला तेल द्या. ते लेकीवर ढकलू नका. सायकल तुमची आहे.