वसई सोडून गोव्यात? राज्य बदलण्यापूर्वीचा जमाखर्च

वसईतील घर-वाडी आवरून गोव्यात स्थायिक व्हावे काय, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतील काही कुटुंबांत आज गांभीर्याने विचारला जात आहे. कुणाच्या हाती निवृत्तीचे पैसे आले आहेत, कुणाच्या मुलाला गोव्यातील हॉटेल व्यवसायात कायमची नोकरी लागली आहे, तर कुणाची वाडी विकासकाच्या इमारतींनी वेढली गेली आहे. कारणे निरनिराळी असली तरी निर्णय घेण्याची पद्धत बहुधा एकच असते. घरातील कमावती व्यक्ती इथला जमिनीचा भाव आणि तिथला घराचा भाव यांची वजाबाकी करते आणि शिल्लक चांगली दिसली की निर्णय होतो. ही पद्धत अपुरी आहे, असे आम्हांस वाटते. राज्य बदलल्याने एकाच घरातील चार माणसांचा जमाखर्च चार प्रकारचा निघतो. जो निर्णय वडिलांच्या फायद्याचा, तोच शाळकरी मुलाच्या तोट्याचा ठरू शकतो. आणि जो आजीला जड जातो, तो लेकीला तिचा हक्क मिळवून देऊ शकतो.

जमेची बाजू

गोव्याची ओढ समजण्यासारखी आहे. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली होती. इमारती वाढल्या, पाणी, कचरा आणि पावसाळ्यात तुंबणारे रस्ते यांचे प्रश्नही त्याच वेगाने वाढले. विरार लोकलने वर्षानुवर्षे प्रवास केलेल्या माणसाला उरलेले आयुष्य शांततेत जावे असे वाटले, तर त्यात गैर काय?

शिवाय गोवा आपल्याला परका नाही. १५३४ ते १७३९ या काळात वसई पोर्तुगीज सत्तेखाली होती आणि त्या सत्तेचे मुख्य पीठ गोवा हेच होते. आपली आडनावे आणि चर्चची बांधणी आजही त्या नात्याची साक्ष देतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण एक टक्क्याच्या आत, तर गोव्यात सुमारे पंचवीस टक्के आहे. संत फ्रान्सिस झेविअर यांच्या सणाला, ३ डिसेंबरला, तेथे सार्वजनिक सुट्टी असते. १९९८ पासून कोकण रेल्वे अखंड धावू लागल्याने वसईशी संपर्कही सुकर झाला आहे.

हक्काचा तर प्रश्नच नाही. भारताच्या कोणत्याही भागात राहण्याचे व स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला दिले आहे. वाहन चालविण्याचा परवाना देशभर चालतो. अन्नसुरक्षा योजनेतील शिधापत्रिकेवरचे धान्य आता दुसऱ्या राज्यातही घेता येते. सत्तर वर्षांवरील ज्येष्ठांसाठी २०२४ साली विस्तारलेली आयुष्मान योजनाही राज्याच्या सीमेपाशी थांबत नाही. मात्र हक्क आहे म्हणून हित आहेच असे होत नाही. म्हणून घरातील प्रत्येकाचे हित स्वतंत्रपणे तपासू या.

शाळकरी मुलगा

सर्वांत अधिक जोखीम त्याची, आणि त्यालाच बहुधा कोणी विचारत नाही. वैद्यकीय शिक्षणाचे उदाहरण घ्या. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि उरलेल्या पंच्याऐंशी टक्के राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात. या राज्य कोट्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास आणि दहावी व बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण होणे ही सर्वसाधारण अट आहे. नववीतल्या मुलाला गोव्यात नेले, तर तो इथला कोटा गमावतो. आणि तिथल्या कोट्यासाठी लागणारी वास्तव्याची वर्षे त्याच्या खात्यावर अजून जमलेली नसतात. दोन्ही दारे एकाच वेळी बंद होतात. गोव्यातील शासकीय नोकरीसाठीही साधारणपणे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान मागितले जाते.

आदिवासी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा विशिष्ट राज्याच्या संदर्भात दिलेला असतो. स्थलांतर करणाऱ्याला तो नव्या राज्यात आपोआप मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली दिला. जमातीचे नाव दोन्ही राज्यांच्या यादीत असले, तरी हेच लागू होते. डहाणू-तलासरीकडील एखाद्या वारली कुटुंबाने ही बाब ठाऊक नसताना मुलांसह राज्य सोडले, तर पुढच्या पिढीची एक मोठी संधी हातची जाऊ शकते.

सारांश असा की, मूल प्राथमिक शाळेत असताना जावे किंवा बारावीनंतर जावे. मधली वर्षे टाळावीत.

जमिनीचा मालक

वसईच्या शेतकऱ्याने वाडी विकण्यापूर्वी एका गोष्टीचा विचार करावा. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यासाठी सर्वसाधारणपणे आपण स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे आपल्या नावाचा सातबारा. शेवटचा गुंठा विकला की तो पुरावाही जातो. पुढे मुलांना परत येऊन चार गुंठे घ्यावेसे वाटले, तर वाट कठीण होते. गोव्यानेही २०२३ साली कायदा करून शेतजमिनीच्या, विशेषतः भातशेतीच्या, हस्तांतरावर निर्बंध आणले आहेत. तेव्हा इथली शेती विकून तिथे शेती करू, हा बेत कागदावर दिसतो तितका सोपा नाही.

गोव्यातील घर घेतानाही आपला इथला अनुभव पुरेसा पडत नाही. तेथे सातबाऱ्याच्या जागी ‘एक-चौदा’चा उतारा पाहतात. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामुदायिक संस्थेची तर नाही ना, हे तपासावे लागते. जागेवर मुंडकाराचे घर आहे काय, हेही पाहावे लागते. दुसऱ्याच्या जमिनीवर पूर्वापार घर करून राहणाऱ्या या मुंडकारांना १९७५ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे आणि ते योग्यच आहे; पण खरेदीदाराला ते आधी माहीत हवे. दलालाने दाखविलेली नारळीची रांग सुंदर असते. तिच्यामागचे कागद तिथल्याच वकिलाकडून वाचून घ्यावेत.

वाहनासारख्या गोष्टी किरकोळ आहेत, तरी खर्चात धराव्यात. गाडी नव्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची असेल, तर जुन्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला, नवी नोंदणी आणि नवा कर हे सोपस्कार करावे लागतात.

पत्नी आणि लेक

या दोघींच्या दृष्टीने पाहिले तर चित्र पालटते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. पती मृत्युपत्र न करता वारला, तर पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना, मुलगा-मुलगी असा भेद न करता, दोन तृतीयांश मिळते. परंतु त्याला मृत्युपत्राने सारी मिळकत हवी त्याला देता येते. पत्नीला किंवा मुलीला वगळण्यापासून हा कायदा त्याला अडवीत नाही. शिवाय लग्न होऊन गेलेल्या लेकीकडून हक्कसोड पत्रावर सही घेण्याचा रिवाज कुणाला ठाऊक नाही?

गोव्याचा कायदा वेगळ्या पायावर उभा आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या आणि २०१२ च्या गोव्याच्या उत्तराधिकार कायद्याने नव्याने मांडलेल्या व्यवस्थेत, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि अर्धा वाटा पत्नीचा असतो. घर विकायचे तर दोघांची संमती लागते. मृत्युपत्र करणाऱ्याला आपल्या वाट्यातील केवळ अर्धा भाग इच्छेप्रमाणे देता येतो. उरलेला अर्धा मुलामुलींसारख्या हक्काच्या वारसांसाठी राखलेला असतो. कायद्याने सांगितलेल्या गंभीर कारणांवाचून तो त्यांच्याकडून काढून घेता येत नाही.

गोव्यात नुसते घर घेतल्याने हा कायदा लागू होतोच असे नाही. तो तेथील अधिवासाशी आणि विवाहनोंदणीशी निगडित आहे. पण तिथे वाढलेल्या मुलाचा वा मुलीचा विवाह गोव्यातच ठरला, म्हणजे त्याचा विचार करणे भाग पडते. गोव्यात विवाहाची नागरी नोंदणी दोन टप्प्यांत, दोन सह्यांनी पूर्ण होते आणि मालमत्तेविषयी काही वेगळे ठरवायचे असेल तर ते विवाहापूर्वीच ठरवावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गोव्याचा अधिवास असलेल्या व्यक्तीच्या गोव्याबाहेरील मिळकतीलाही गोव्याचाच वारसा कायदा लागू होतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिला. त्या खटल्यातील मिळकत मुंबईतील होती. म्हणजे उद्या वसईतील उरलेल्या वाडीचा प्रश्नही गोव्याच्या कायद्याने सुटू शकेल. काही पुरुषांना हा तोटा वाटेल. आम्ही तो जमेच्या बाजूला मांडतो. मात्र तो माहीत नसताना अंगावर येऊ नये.

आजी-आजोबा

वृद्धांचा हिशेब पैशांत होत नाही. घरी सामवेदी किंवा वाडवळी आणि चर्चमध्ये मराठी, अशी आपली भाषिक घडण आहे. गोव्यात मराठी वृत्तपत्रे घरोघरी वाचली जातात आणि बहुसंख्य शासकीय प्राथमिक शाळा मराठी माध्यमाच्या आहेत. त्यामुळे तेथे मराठीची उणीव भासणार नाही, असा अनेकांचा समज होतो. परंतु तेथील ख्रिस्ती समाजाची उपासनेची भाषा कोकणी आहे आणि तिची लिपी प्रामुख्याने रोमन. १९६७ च्या सार्वमतात गोवेकरांनी सुमारे चौतीस हजार मतांच्या अधिक्याने महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले, तेव्हा तेथील ख्रिस्ती समाज विलीनीकरणाच्या विरोधात ठामपणे उभा होता. १९८७ च्या राजभाषा कायद्यावेळीही हा वाद पेटला होता. म्हणून मराठी बोलणारा कॅथलिक हे तिथे थोडे नवलाचे चित्र असते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हे मराठी महाकाव्य गोव्यातच, राशोल येथे, १६१६ साली छापले गेले. तरीही चार शतकांनंतर वसईच्या आजीला मिस्सामध्ये आपल्या ओळखीचे गीत तिथे सहसा ऐकू येणार नाही. तरुण वर्षभरात कोकणी शिकेल. ऐंशीव्या वर्षी नवी प्रार्थना पाठ होत नाही.

वृद्धांच्या मनात आणखी एक प्रश्न असतो. तो ते उघडपणे विचारत नाहीत. माती कुठे मिळेल? ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार धर्मग्रामाची स्वतःची दफनभूमी असेल तर तेथील मृत भाविकाला तीत जागा मिळते, आणि दुसरी दफनभूमी निवडण्याची मोकळीकही त्याला असते. म्हणून वसईतच विसावण्याची इच्छा असेल, तर ती आधीच कुटुंबाला सांगावी आणि कुटुंबाने ती निघण्यापूर्वीच विचारून घ्यावी.

नवा धर्मग्राम

राज्य आणि ख्रिस्तसभा नवागताकडे किती वेगळ्या नजरेने पाहतात, हे येथे लक्षात येते. शासकीय नोकरीच्या दाखल्यासाठी राज्य पंधरा वर्षे मोजते. ख्रिस्तसभेच्या कायद्यात मात्र कायम राहण्याच्या हेतूने आपण ज्या दिवशी एखाद्या धर्मग्रामात राहू लागतो, त्याच दिवशी त्याचे होतो. तसा हेतू नसला तरी पाच वर्षांच्या वास्तव्याने तेच घडते. तेथील प्रमुख धर्मगुरू हे आपले धर्मगुरू होतात. स्नानसंस्काराची मूळ नोंद मात्र वसईच्या वहीतच राहते, आणि विवाह पुढे कुठेही झाला तरी त्याची सूचना त्या वहीत यावी लागते. तेव्हा निघताना कुटुंबातील सर्वांचे दाखले सोबत घ्यावेत, आणि पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात नव्या चर्चमध्ये जाऊन नाव नोंदवावे. जे हे करीत नाहीत, ते सणाला वसईत आणि रविवारी कुठेच नाही, अशा अधांतरी अवस्थेत राहतात. पाहुण्यासारखे राहणाऱ्याला गावही पाहुणाच समजते.

निर्णय

आमचे मत विचाराल तर जाऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. वसईचेच सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया सातासमुद्रापलीकडे जपानात गेले होते, आणि आपल्या आजच्या धर्मग्रामांतही दुसऱ्या राज्यांतून आलेली कितीतरी कुटुंबे आपल्याच बाकांवर बसतात. परंतु टप्प्याटप्प्याने जावे. आधी एक वर्ष भाड्याच्या घरात राहावे, त्यात एक संपूर्ण पावसाळा काढावा. वाडीचा काही भाग तरी राखावा. मुलाची दहावी-बारावी होऊ द्यावी. आणि मुख्य म्हणजे निर्णयाच्या बैठकीला पत्नी, लेक, शाळकरी मुलगा आणि आजी या साऱ्यांना बसवावे.

मनोरा बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असा दृष्टान्त प्रभू येशूने दिला आहे. तो हिशेब घरातील एकट्यानेच केला, तर पाया घातल्यावर बांधकाम थांबण्याचा धोका उरतोच. सर्वांनी मिळून केला, तर उत्तर वसई येवो की गोवा, घर मात्र एकसंध राहील.